विंचुर्णी, भायमळा आणि आमचा गुरुवार: नौदलातून निवृत्त होऊन गावात राहिलेली माणसं

मिडलवॉच

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज सवड मिळाली. मी नौदलात २२ वर्षं काढली, कमांडर म्हणून बाहेर पडलो आणि गेली सहा वर्षं फलटण तालुक्यातल्या आमच्या गावी राहतोय. आल्या आल्या जो तो एकच विचारायचा, साहेब आता पुढं काय? कोणाला वाटायचं मर्चंट नेव्हीत जाणार, कोणाला वाटायचं सिक्युरिटी एजन्सी काढणार, दोघातिघांनी तर निवडणुकीचंही विचारलं. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते कसं मिळालं त्याबद्दल हा धागा, पण सुरुवात माझ्यापासून नको, दोन मोठ्या माणसांपासून करतो.

आमच्या इथून जवळच विंचुर्णी गाव आहे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी १९८३ मध्ये पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले आणि पुढे तिथे राहायला आले. पर्जन्यछायेतला भाग, खाऱ्या वाऱ्याचा मागमूस नाही, आणि अशा ठिकाणी राहून या माणसाने कसला ध्यास घेतला तर भारतीयाने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी याचा. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे या कामासाठी पुढे आले, तेव्हा आवटी ऐंशीला टेकले होते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ५६ फुटी म्हादेई बांधली गेली, आणि १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघालेले दोंदे चार बंदरांत थांबून १९ मे २०१० ला मुंबईत परत आले. नऊ महिने. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच म्हादेईतून कुठेही न थांबता जाऊन आले, आणि २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी तारिणी या शिडाच्या बोटीवरून. तारिणी मे २०१८ मध्ये गोव्याला परत आली आणि आवटी त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला विंचुर्णीतच गेले, ९१ व्या वर्षी. निवृत्तीनंतर पस्तीस वर्षं मिळाली त्यांना, आणि ती त्यांनी नुसती घालवली नाहीत.

दुसरे अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. नोव्हेंबर १९९० ते सप्टेंबर १९९३ नौदलप्रमुख. निवृत्त झाल्यावर दिल्लीत न थांबता अलिबाग तालुक्यातल्या भायमळ्याला आले आणि सेंद्रिय शेती करायला लागले. त्यांच्याबद्दल अलिबागकडचं कोणीतरी लिहीलच इथे, म्हणून मी थांबतो.

आता जी गोष्ट मला कायम विचार करायला लावते ती सांगतो. १९७१ च्या युद्धात हे दोघंही एकाच ताफ्यात होते. पूर्व ताफा, बंगालचा उपसागर, मधे विमानवाहू विक्रांत आणि भोवती छोट्या बोटी. आवटी आयएनएस कामोर्टावर, रामदास आयएनएस ब्यासवर, दोघंही आपापल्या बोटीचे कप्तान. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद करायची, आत काही जाऊ द्यायचं नाही आणि बाहेर काही निसटू द्यायचं नाही, हे काम. दोघांनाही वीरचक्र मिळालं. आणि निवृत्तीनंतर दोघंही महाराष्ट्रातल्या दोन लहान गावांत जाऊन राहिले, एक घाटावर आणि एक कोकणात.

मला वाटतं याचं मूळ नौदलाच्या एका अगदी साध्या पद्धतीत आहे, जी बाहेर कोणाला फारशी माहीत नसते. बोटीवर नवा लेफ्टनंट आला की त्याच्या हाताखाली वीस-पंचवीस खलाशी देतात, त्याला डिव्हिजन म्हणतात आणि त्या पोराला डिव्हिजनल ऑफिसर. वय असतं चोवीस-पंचवीस. आणि त्या वीस-पंचवीस माणसांचं सगळं त्याने बघायचं, म्हणजे फक्त ड्युटी नाही, कोणाच्या बायकोचं बाळंतपण आहे, कोणाच्या भावाने जमीन बळकावलीय, कोण पगार झाल्यावर चार दिवसांत कर्जात जातो, कोणाचं घरून पत्र आल्यापासून जेवण कमी झालंय, सगळं. मी पहिल्यांदा डिव्हिजन घेतली तेव्हा माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा एक चीफ, म्हणजे वरच्या हुद्द्याचा खलाशी, माझ्यासमोर बसून मुलीच्या लग्नाचं सांगताना रडला होता, आणि मला कळेना मी काय बोलू. पण ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वेल्फेअर फंडाच्या कर्जाचा अर्ज स्वतः भरला. पुढे मोठ्या मोठ्या पोस्टिंग झाल्या पण ते काम मला जितकं लक्षात आहे तितकं दुसरं कुठलं नाही.

गावी आल्यावर साधारण आठ महिन्यांनी शेजारच्या वाडीतल्या एक आजी आल्या. नवरा खलाशी होता, वारून तीन वर्षं झालेली, फॅमिली पेन्शन सुरूच झालं नव्हतं, कारण सर्व्हिस रेकॉर्डमध्ये त्यांचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, जन्मतारीख पण वेगळी. तीन वर्षं त्या एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत होत्या आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद आणायला सांगत होते. मी प्रतिज्ञापत्र करून घेतलं, रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं, पाठपुरावा केला, पाच महिन्यांत थकबाकीसकट पैसे जमा झाले. त्यात मी काही पराक्रम केला नाही, फक्त कुठल्या टेबलावर काय लागतं हे मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. पण मला त्या दिवशी उत्तर मिळालं. माझी डिव्हिजन सुटलीच नव्हती.

तेव्हापासून दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी मी ग्रामपंचायतीच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसतो. नौदल असं काही नाही, सैन्य, हवाई दल, सगळेच येतात, निम्म्याहून जास्त विधवा. हयातीचा दाखला, नावातली दुरुस्ती, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड. पेन्शनचं सगळं आता स्पर्श या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन झालंय, चांगलं आहे, पण सत्तर वर्षांच्या बाईला ओटीपी म्हणजे काय ते कोणीतरी सांगावं लागतं.

तुमच्या गावात असं कोणी आहे का? अधिकारीच पाहिजे असं नाही. लिहा.

अलिबागची_सून

मिडलवॉच सर, धागा वाचून लगेच लॉगिन केलं. मी रामदासांना भेटलेले नाही, पण आमच्या सासरी त्यांचं नाव नेहमी निघायचं.

भायमळ्याची जागा त्यांना वीरचक्राबद्दल मिळालेली, असं मी वाचलंय. म्हणजे ब्यासवर जे केलं त्याचं बक्षीस म्हणून जमीन मिळाली आणि पुढे त्याच जमिनीवर निवृत्तीनंतर राहिले. अशा जमिनी विकून मोकळे होणारे कमी नसतात, म्हणून मला याचं अप्रूप वाटतं.

आणि मला बाई म्हणून जे महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. डॉक्टर सोडल्या तर नौदलात महिला अधिकारी पहिल्यांदा घेतल्या १९९२ मध्ये, ते रामदास प्रमुख असताना. तेव्हा थोड्याच शाखा होत्या, शिक्षण, लॉजिस्टिक्स वगैरे, बोटीवर पोस्टिंग तर लांबच. पण तुम्ही वर तारिणीचं लिहिलंत ना, तर त्या सहाजणींचं दार पंचवीस वर्षं आधी इथे उघडलंय.

दुसरं म्हणजे ललिता रामदास. त्यांचं नाव बाजूला राहून जातं म्हणून मुद्दाम लिहिते. त्या अ‍ॅडमिरल कटारींच्या कन्या, कटारी म्हणजे १९५८ मध्ये झालेले पहिले भारतीय नौदलप्रमुख. पण त्यांची ओळख तेवढीच नाही, प्रौढ शिक्षणात त्यांनी आंतरराष्ट्रीय पातळीवर काम केलंय. रायगडात सेझविरोधात, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याविरोधात, शेतकरी उभे राहिले तेव्हा ही दोघंही त्यांच्या बाजूने होती. माजी नौदलप्रमुख शेतकऱ्यांसोबत जमिनीवर बसलाय, हे चित्रच वेगळं.

२००४ मध्ये अ‍ॅडमिरल रामदासांना मॅगसेसे मिळाला, पाकिस्तानचे आय. ए. रेहमान यांच्याबरोबर, दोन देशांतल्या सामान्य माणसांमध्ये शांततेसाठी संवाद सुरू केला म्हणून. रामदास मार्च २०२४ मध्ये गेले, नव्वद वर्षांचे होते.

सीमेवरचा

मी सैन्यात होतो, २४ वर्षं, त्यातली बरीच सीमेवर. धागा चांगला आहे, गुरुवारच्या कामाला माझा मनापासून सलाम. पण मनातलं बोलतो. रामदासांच्या ब्यासबद्दल मला पूर्ण आदर आहे, नौदलप्रमुख म्हणूनही आहे. पण निवृत्तीनंतर पाकिस्तानबरोबर शांततेच्या व्यासपीठावर जाणं मला कधी पटलं नाही. माझे दोन सोबती तिकडून आलेल्या गोळीने गेलेत. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना असल्या बैठका वाचून त्रास होतो. वर्दीतल्या माणसाने निवृत्त झाल्यावर गावासाठी करावं, माजी सैनिकांसाठी करावं, आपत्तीत धावून जावं, परराष्ट्र धोरण सरकारवर सोडावं. माझं मत आहे, कोणाला दुखवायचं नाही.

मिडलवॉच

सीमेवरचा दादा, तुम्ही गमावलेल्या सोबत्यांपुढे मी काय बोलणार. तुमचं मत तुम्ही कमावलेलं आहे.

माझं थोडं वेगळं आहे ते सांगतो, पटायलाच पाहिजे असं नाही. रामदास युद्ध टाळून शांततेकडे गेलेले नाहीत, युद्ध करून गेलेत. कम्युनिकेशनवाले अधिकारी होते ते, म्हणजे सिग्नल, संदेश, समोरची बोट काय म्हणतेय ते ऐकून घेऊन मग उत्तर द्यायचं, हे त्यांचं मूळ शिक्षण. ब्यासवर असताना त्यांनी समुद्र बंद केला आणि म्हातारपणी बोलण्याची वाट उघडी ठेवायचा प्रयत्न केला. मला यात विसंगती दिसत नाही. आणि कोकणातले, गुजरातचे मच्छीमार हद्द ओलांडली म्हणून तिकडच्या तुरुंगात पडतात, तिकडचे इकडे, त्यांच्या घरच्यांना विचारलं तर बोलणी चालू राहिलेली त्यांना हवीच असतात. हा पण किनाऱ्यावरच्या माणसांचाच प्रश्न आहे.

सगळ्याच बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही, अणुशक्तीला त्यांचा विरोध होता, त्यावर तर अजिबात नाही. पण निवृत्तीनंतर माणसाने गप्प बसावं या मताचा मी नाही.

सीमेवरचा

मच्छीमारांचा मुद्दा मान्य. त्यावर मी विचार केला नव्हता. बाकी आपण आपापल्या जागी.

गुरुवारचं मात्र सविस्तर लिहा, माझ्या तालुक्यात करायचंय.

इंजिनरूमवाला

सगळे साहेब लोकांचं लिहितायत तर एका खलाशाचं पण ऐका.

मी इंजिनरूममध्ये होतो, पेटी ऑफिसर म्हणून सुटलो. अठराव्या वर्षी चिल्काला गेलो, ट्रेनिंग, मग बोटी, पंधरा वर्षं झाली आणि तेहतिसाव्या वर्षी घरी. अधिकाऱ्याला निवृत्ती म्हणजे पोरं मोठी झालेली असतात, घर झालेलं असतं. आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती. पेन्शन आहे, नाही म्हणत नाही, पण त्याच्यावर पुढची पंचवीस वर्षं निघत नाहीत, म्हणून मग एमआयडीसीत कंप्रेसरवर नोकरी धरली आणि अजून करतोय. आवटी साहेब, रामदास साहेब फार मोठी माणसं, त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा नाही. पण समाजसेवा म्हटलं की लोकांना पांढरी मिशी आणि मोकळा वेळ डोळ्यापुढे येतो, आमच्यासारख्याला शिफ्ट सांभाळून करावं लागतं हे पण कुठेतरी यायला पाहिजे.

डिव्हिजनल ऑफिसरचं जे लिहिलंय ते खरं आहे पण चांगला मिळाला तर. मला चारपैकी दोन चांगले मिळाले. एकाने वडील आजारी असताना माझी रजा अडली होती तेव्हा स्वतः कॅप्टनच्या केबिनबाहेर उभं राहून सही आणली, बोट संध्याकाळी सुटणार होती आणि मी दुपारी उतरलो. वडील दोन दिवसांनी गेले. तो साहेब आज कुठे आहे माहीत नाही, पण मी मेलो तरी विसरणार नाही.

आता माझं काम सांगतो. आमच्या गावात नळपाणी योजना आहे, टाकी आहे, मोटर आहे, आणि तरीही उन्हाळ्यात टँकर. सगळे म्हणायचे विहीर आटली. मला ते पटेना कारण मोटर तर रोज आठ-आठ तास चालायची. बोटीवर गोड्या पाण्याचा हिशोब म्हणजे देवासारखा असतो. रोज सकाळी प्रत्येक टँकचं साउंडिंग घ्यायचं, म्हणजे पाण्याची खोली मोजायची, किती होतं, किती केलं, किती गेलं, किती उरलं, आणि तो आकडा वर कॅप्टनपर्यंत जातो. आकडा जुळला नाही तर जुळेपर्यंत इंजिनरूमवाल्याला झोप नाही, कारण पाणी कुठेतरी जातंय म्हणजे एक तर वाया जातंय नाहीतर जिथे जायला नको तिथे साठतंय.

मी काय केलं, एक वही घातली. टाकीला आत बांबूची पट्टी लावून खुणा केल्या. रात्री अकराला मोटर बंद करायची आणि पट्टी बघायची, पहाटे चारला परत बघायची. रात्री गावात कोणी नळ उघडत नाही, म्हणजे पाणी जागच्या जागी राहिलं पाहिजे. पहिल्या रात्री पट्टी एक हात खाली. दुसऱ्या रात्री तेवढीच. म्हणजे विहीर नव्हे, पाइप. मग एकेक वाडीचा व्हॉल्व्ह वेगळा बंद करत गेलो, अकरा रात्री लागल्या, शिफ्ट करून. ओढ्याखालून जाणारी लाइन फुटली होती आणि पाणी सरळ ओढ्यात चाललेलं, वर झाडं एवढी हिरवीगार की आम्ही सगळे म्हणायचो काय छान जागा आहे.

लाइन बदलली. त्या उन्हाळ्यात टँकर आला नाही.

अलिबागची_सून

इंजिनरूमवाले दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. झाडं हिरवी दिसायची म्हणून कोणाला संशय आला नाही, हे वाचताना अंगावर काटा आला.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. आमच्या गल्लीत एक काका आहेत, नौदलातून निवृत्त, नेव्हिगेशनकडे होते. बोलणं कमी, सकाळी चालायला जायचं आणि संध्याकाळी पेपर, एवढीच ओळख होती आम्हाला. त्यांच्या भिंतीवर एक छापील कोष्टक असायचं, भरती-ओहोटीच्या वेळांचं. आम्ही मुली लहानपणी विचारायचो काका हे कशाला, तर म्हणायचे सवय.

२२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांना माहीत आहे. आदल्या दिवसापासून पाऊस थांबतच नव्हता, आम्ही झोपलेलो. काकांनी पहाटे दारं वाजवली. म्हणाले तळमजल्यावरच्यांनी आत्ता वर जा, सामान राहू दे, म्हाताऱ्या माणसांना आधी न्या, नदी भरलीय आणि समुद्राला भरती आहे, ओहोटी लागेपर्यंत हे पाणी उतरायचं नाही. काहीजण वैतागले, चिपळूणला पाणी भरतंच, नवीन काय. काकांनी वाद घातला नाही, फक्त समोरच्या दोन बिल्डिंगच्या खांबांना छातीएवढ्या उंचीवर दोर बांधला, गल्लीच्या आडवा. पुढे दोनेक तासांत त्याच दोराला धरून समोरच्या घरातली दोन मुलं आणि त्यांची आजी आमच्या जिन्यावर आली. माझ्या आईचं मशीन, कपडे, सगळं गेलं. माणूस एकही गेलं नाही आमच्या गल्लीतलं.

नंतर नौदलाची पथकं आली, बोटी घेऊन, काका बघत उभे होते नुसते. मी त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी पाहिलं.

आता दर मे महिन्यात ते गल्लीतल्या सगळ्या पोरांना गाठी शिकवतात. बोलाइन ही पहिली, जी ओढली तरी आवळत नाही आणि माणसाच्या काखेतून घालता येते. डोळे बंद करून बांधता आली पाहिजे, एका हाताने बांधता आली पाहिजे. माझी भाची आठ वर्षांची आहे, तिला येते. आणि प्रत्येक बिल्डिंगमध्ये कोण कोणाला वर नेणार त्याची यादी जिन्याखाली लावलीय, बोटीवर जसं प्रत्येकाची जागा ठरलेली असते तसं, असं ते म्हणतात.

इंजिनरूमवाला

बरोबर. बोटीवर आग लागो की पाणी घुसो, कोण कुठे पळणार हे आधी ठरलेलं असतं, भिंतीवर नावानिशी लिहिलेलं. काकांना माझा नमस्कार सांगा ताई.

अकरा_बदल्या

मी एका नौदल अधिकाऱ्याची बायको. पस्तीस वर्षांच्या संसारात अकरा घरं बदलली, विशाखापट्टणम, कोची, मुंबई, पोर्ट ब्लेअर, परत मुंबई. धागा वाचताना एक जाणवलं, ललिताताईंचा उल्लेख अलिबागच्या सुनेने केला तो सोडला तर बायका फक्त मदत घेणाऱ्या म्हणून येतायत.

बोट समुद्रात गेली की दोन-तीन महिने मागे फक्त बायका आणि मुलं असायची. एखादी नवीन मुलगी लग्न होऊन आलेली, भाषा येत नाही, दिवस गेलेले, नवरा समुद्रात. तिला रात्री दोनला दवाखान्यात कोण नेणार? आम्हीच. सिनियर अधिकाऱ्याच्या बायकोने खलाशांच्या कुटुंबांकडे लक्ष द्यायचं हा रिवाज होता, कुठे मनापासून व्हायचा, कुठे नुसते चहाचे कार्यक्रम व्हायचे, खरं ते लिहिते. पण ज्यांनी मनापासून केलं त्यांना ती सवय जन्माची लागली. मी सध्या निवृत्तीनंतर जिथे राहते तिथे बाळंतिणींच्या तपासण्या चुकू नयेत म्हणून आशाताईंबरोबर फिरते. गाडी आहे माझ्याकडे, चालवता येते, तेवढंच माझं भांडवल. मला कोणी डिव्हिजन दिली नव्हती, पण होतीच.

मिडलवॉच

वहिनी, चूक मान्य. माझ्या लेखात तुमचं यायलाच हवं होतं. माझी बायको हे वाचून म्हणाली, बघ, कोणीतरी लिहिलं. आणि गुरुवारच्या विधवांपैकी अर्ध्याजणी माझ्याशी बोलतच नाहीत, आधी तिच्याशी बोलतात, मग ती मला सांगते नेमकं अडलंय कुठे. तो चीफ माझ्यासमोर रडला हे मी लिहिलं, पण त्याच्या घरचं खरं काय होतं ते पण मला तिच्याकडूनच कळलं होतं.

बारावी_सायन्स

नमस्कार, मी बारावीत आहे, मुलगी. मला नौदलात जायचंय. घरचे म्हणतात मुलींना एनडीएतून घेतात हे नवीन आहे, टिकेल की नाही माहीत नाही. तुम्ही काय सांगाल?

मिडलवॉच

बाळ, टिकेल की नाही हा प्रश्न संपलाय. २०२२ पासून खडकवासल्याच्या एनडीएत मुली आहेत आणि ३० मे २०२५ ला पहिल्या १७ जणी पास आउट झाल्यासुद्धा. एनडीएनंतर नौदलाच्या कॅडेटना पुढचं ट्रेनिंग केरळात एझिमलाच्या नौदल अकादमीत असतं. परीक्षा यूपीएससी घेते, गणित आणि फिजिक्स सोडू नकोस. पोहता येत नसेल तर आत्ता शिक, तिकडे शिकवतात पण आधी येत असेल तर पाण्याची भीती जाते. वडिलांना माझ्याशी बोलायचं असेल तर मेसेज कर.

आणि आत्ताच एक सवय लावून घे. वर्गातल्या सगळ्यांची नावं, घरी कोण आहे, कोण कुठून येतं, माहीत असू दे. पुढे फार उपयोगी पडतं.

सीमेवरचा

कमांडर साहेब, मी आमच्या सरपंचांना भेटलो. खोली द्यायला तयार आहेत, बुधवार. मला स्पर्शचं ऑनलाइन नीटसं जमत नाही, माझा पुतण्या बसेल बरोबर. कागद कुठले लागतात त्याची यादी पाठवता का?

मिडलवॉच

पाठवतो. पण पहिल्या दिवशी यादी काढू नका दादा. पहिल्या दिवशी फक्त ऐका आणि लिहून घ्या. माझ्या पहिल्या गुरुवारी तिघंजण आले, तिघांनाही मी लगेच कागद सांगितले, त्यातले दोन परत आलेच नाहीत. तिसऱ्या गुरुवारपासून आधी चहा, मग विचारपूस, मग कागद. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, बघायला मागा पण मूळ प्रत स्वतःकडे ठेवू नका, तिथल्या तिथे फोटो काढून परत द्या. लोकांनी ती पत्र्याच्या पेटीत, देवामागे जपून ठेवलेली असते, हातातून सुटली की त्यांना रात्री झोप लागत नाही.

वाशिष्ठीकाठ

इंजिनरूमवाले दादा, काकांना तुमचा प्रतिसाद मोबाइलवर मोठ्या अक्षरात वाचायला दिला. त्यांनी विचारलंय तुमच्या वहीत रकाने कुठले कुठले आहेत. आमच्या वाडीतल्या टाकीला पण तेच करायचं म्हणतात.

इंजिनरूमवाला

सहा रकाने. तारीख, रात्री ११ ची पट्टी, पहाटे ४ ची पट्टी, मोटर किती तास चालली, कुठला व्हॉल्व्ह बंद होता, आणि सहावा बघणाऱ्याची सही. काकांना सांगा सही विसरू नका. आमच्याकडे आधी पाच रकाने होते तर पोरं घरी झोपून अंदाजे आकडा टाकायची, सही आल्यापासून टाकीवर चढायला लागली. आता चौघं आळीपाळीने करतात, माझी पाळी सोमवारी. माझी मुलगी पण येते बॅटरी धरायला, आता दहावीत आहे.